पुण्यात बाळ सांभाळायला मावशी ठेवायची तर महिन्याला नक्की किती धरायचे?

अबोली_वारजे

नमस्कार. माझी लेक पाच महिन्यांची आहे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपत आली, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला कामावर हजर व्हायचंय. घर वारज्यात, ऑफिस बाणेरला. मंगळ-बुध-गुरू ऑफिसात जायचं, सोमवार आणि शुक्रवार घरून काम. नवऱ्याचं ऑफिस खराडीला, तो सकाळी आठला निघतो ते रात्री साडेसातलाच घरी येतो. सासूबाई आमच्याकडेच असतात, पण त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. त्या नजर ठेवतील, पण बाळाला उचलून फिरवणं त्यांच्याकडून होणार नाही आणि ते मी त्यांच्यावर टाकणारही नाही.

तर बाळाजवळ कोणीतरी हवं. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात, सोमवार ते शुक्रवार. गेले दहा दिवस चौकश्या करतेय. आमच्या पोळ्यांच्या मावशींच्या ओळखीतल्या एक मावशी आहेत, शिवण्याहून येणार, त्या १६,००० म्हणाल्या. एका ब्युरोने बारा तासांच्या बाईचे २०,००० सांगितले, शिवाय अकरा महिन्यांच्या कराराची फी म्हणून एक पगार आधीच भरायचा. दुसऱ्या ब्युरोने राहत्या बाईचे २६,००० सांगितले, जेवणखाण आपल्याकडे. घराजवळचं पाळणाघर ९,००० घेतं, पण साडेसहाला बंद होतं.

मैत्रिणी म्हणतात, पगार धर आणि वर थोडे सोड. ते ‘थोडे’ म्हणजे किती, हेच मला कळत नाहीये. बोनस, सुट्ट्या, खाडे, बाई आली नाही त्या दिवसाची सोय, हे सगळं धरून महिन्याचा खरा आकडा कसा काढायचा? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे दोन-तीन हजारांचा फरकसुद्धा मला आधी माहीत हवाय.

मुळाकाठ

अबोली, आधी पैसे नको मोजूस, तास मोज. साडेआठ ते सात म्हणजे दिवसाचे साडेदहा तास, आठवड्याचे साडेबावन्न. ब्युरोची बाई बारा तास आणि सहा दिवस, म्हणजे ७२ तास. तुला नको असलेल्या साडेएकोणीस तासांचेही पैसे त्यात आहेत. ते तास खरंच उपयोगी पडणार असतील तर घे, नाहीतर तो सौदा तुझा नाही.

आणि संध्याकाळची वेळ सातला घट्ट बांधू नकोस. चांदणी चौकातला नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाला तरी पावसाळ्यात बाणेरहून वारज्याला येताना हायवेवर कधी अडकशील सांगता येत नाही. मावशींना पहिल्याच दिवशी सांग की महिन्यातून तीन-चार वेळा अर्धा तास उशीर होईल आणि त्याचे पैसे वेगळे मिळतील. आमच्याकडे हे आधी बोललं गेलं नव्हतं. रोजचा दहा-पंधरा मिनिटांचा उशीर साठत गेला आणि पाचव्या महिन्यात मावशी न सांगता काम सोडून गेल्या. चूक आमची होती.

पिंपळपान

वाचतेय. मलाही जानेवारीपासून लागणार आहे.

हिशोबी

मी दोन मुलांच्या वेळी हा हिशेब केलाय, तुझ्या आकड्यांवर करून दाखवतो. शिवण्याच्या मावशी धरू, पगार १६,०००.

वर्षाचे पगार १,९२,०००. दिवाळीला एक पगार बोनस, १६,०००. हा कुठल्या कायद्याने घरकामाला लागू नाही, पण पुण्यात ती रीत आहे आणि ती पाळायचीच असं धरून चाल. झाले २,०८,०००.

आता दिवस. वर्षात सोमवार ते शुक्रवार २६० दिवस. त्यातले सणवाराचे दहा दिवस तू घरी, मावशीही घरी. शिवाय १८ दिवस पगारी रजा धर, म्हणजे महिन्याला दीड. राहिले २३२ दिवस. दुपारचं जेवण आणि दोन वेळचा चहा तुझ्याकडे, दिवसाला ६० रुपये धरले तर १३,९२०. शिवण्याहून जायचा-यायचा शेअर रिक्षाचा खर्च ४० धरला तर ९,२८०. रिक्षाचे पैसे पगारातच आहेत असं पुष्कळ लोक धरतात. मी वेगळे देतो, कारण भाडं वाढलं की तेवढंच वाढवता येतं, पगारावरून बोलणी होत नाहीत.

मावशी रजेवर असतील त्या १८ दिवसांपैकी निम्मे दिवस तू घरून काम करून किंवा नवरा रजा घेऊन निभावेल. उरलेल्या नऊ दिवसांसाठी पाळणाघरात एका दिवसापुरतं ठेवायची सोय बघून ठेव. आमच्याकडे ६०० घेत होते, म्हणजे ५,४००.

आणि ही रक्कम छोटी आहे पण सोडू नको: मावशींच्या बँक खात्यातून जीवनज्योती आणि सुरक्षा विमा, या सरकारच्या दोन विमा योजना. पहिल्याचा हप्ता वर्षाला ४३६, दुसऱ्याचा २०. प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण, सुरक्षा विम्यात ते अपघातापुरतं. जीवनज्योतीत नाव घालायला वय पन्नाशीच्या आत लागतं, अपघाताचा सत्तरपर्यंत चालतो. दोन्ही मिळून ४५६ रुपये, ते आपण भरायचे.

सगळी बेरीज २,३७,०५६. भागिले १२, म्हणजे महिन्याला साधारण १९,७५५. पगार सोळा आणि खर्च पावणेवीस. मी म्हणूनच सगळ्यांना सांगतो, पगाराच्या सव्वापट धरा. सोळाचे वीस, वीसचे पंचवीस. तुझ्या मैत्रिणींचं ‘थोडे’ म्हणजे हा पाव हिस्सा.

हेच ब्युरोच्या बाईला लाव. पगार २,४०,०००, फी २०,०००, बोनस २०,०००, जेवण तेच. २,९३,९२० होतात, महिन्याला साडेचोवीसच्या आसपास. आणि अकरा महिने झाले की फी पुन्हा.

मुळाकाठ

हिशोबी, एक राहिलं. पहिल्या महिन्याच्या आधीचा जोडीचा पंधरवडा. एक तारखेला कामावर जायचं तर मावशी एक तारखेला नाही, आधीच्या महिन्याच्या पंधरा तारखेला यायला हव्यात. तू घरात असताना बाळ त्यांच्याकडे रुळायला पाहिजे. पंधरा दिवसांचे ८,००० आधीच बाजूला ठेव अबोली, पगार सुरू व्हायच्या आत ते जातात.

हिशोबी

बरोबर आहे, विसरलो होतो. आणि वर्ष झालं की दहा टक्के वाढ, तीही आधीच बोलून ठेवायची.

रातराणी

पाळणाघराबद्दल लिहिते, कारण नऊ हजार बघून मीही तिकडे गेले होते. पाळणाघर चांगलं होतं, बाई मायेच्या होत्या, स्वच्छता होती. पण माझा मुलगा सात महिन्यांचा असताना तिथे जायला लागला आणि पहिल्या सहा महिन्यांत सर्दी, ताप, जुलाब यांचं चक्रच सुरू झालं. चार मुलं एकत्र आली की हे होणारच, दोष कोणाचा नाही. पण ताप असेल तर पाळणाघर घेत नाही, आणि घेऊही नये. त्या सहा महिन्यांत मी २३ दिवस रजा घेतली. पगारी रजा संपली, पुढची बिनपगारी गेली. माझा एका दिवसाचा पगार आणि डॉक्टरांची फी मिळवली तेव्हा नऊ हजारांचं पाळणाघर मला चौदा-पंधराला पडलं होतं.

तरीही सांगते, दीड वर्षांनंतर पाळणाघरच बरं. तिथे मुलं बोलायला लागतात, आपल्या हाताने खायला लागतात, त्यांना सोबत हवी असते. पाच महिन्यांच्या बाळाला घर आणि एकच माणूस मिळत असेल तर तेवढे महिने ते द्यावं असं माझं मत.

आणि कंपनीच्या एचआरला विचारलंस का? २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात जी दुरुस्ती झाली त्यात ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक केलंय, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायची मुभा आहे. माझ्या आधीच्या कंपनीने स्वतःहून कधीच सांगितलं नाही. मी लेखी विचारल्यावर जवळच्या एका पाळणाघराशी करार असल्याचं कळलं, आणि निम्मी फी कंपनी भरत होती. मेलवरच विचार, तोंडी नको.

सडेतोड

हिशेब सगळे छान आहेत, पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाहीये. दहा वर्षांपूर्वी आमच्या बहिणीने सात हजारांत बाई ठेवली होती, दिवसभर. आज सोळा-वीस. हे दर हिंजवडी-बाणेरच्या पगारांनी चढवून ठेवलेत. कोणी काही विचारत नाही, सांगतील तेवढे देतात. ज्या घरात दोघांना मिळून साठ-सत्तर हजार येतात त्यांनी काय करायचं? माझी बायको शाळेत शिक्षिका आहे, तिचा पगार आणि बाईचा पगार यात चार हजारांचा फरक उरत होता. तिने नोकरी सोडली. हे मला आजही लागून राहिलंय.

तळजाई

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचत असते. पण ‘चढवून ठेवलेत’ वाचलं आणि राहवलं नाही.

माझी आई बावीस वर्षं लोकांची बाळं सांभाळत होती. आम्ही जनता वसाहतीत राहायचो, ती आधी सहकारनगरला आणि मग बिबवेवाडीत कामाला जायची. साडेसातला घर सोडायची. त्याआधी पहाटे नळाचं पाणी, आमचे डबे, माझी वेणी. माझा धाकटा भाऊ तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याला शेजारच्या काकूंकडे ठेवायची आणि काकूंना महिन्याला पैसे द्यायची. म्हणजे दुसऱ्याचं बाळ सांभाळून मिळालेल्या पगारातला एक वाटा स्वतःचं बाळ सांभाळायला जात होता. जो बाईचा पगार म्हणून आपण मोजतो, त्यातून असे वाटे निघतात. दादा, तुमच्या घरातलं दुःख खरं आहे आणि ते तुमच्या एकट्याचं नाही, पण त्याचं कारण ती बाई नाही.

तीन गोष्टी सांगते, हिशेबातल्याच आहेत.

मे महिन्यात आईकडचे लोक पंधरा-वीस दिवस गावाला जायचे आणि त्या महिन्याचा पगार अर्धा व्हायचा. तुम्ही गावाला गेलात म्हणून आमच्या खोलीचं भाडं थांबत नव्हतं. आणि पुढचा महिना जून, वह्या-पुस्तकांचा. एका वर्षी माझी भूगोलाची आणि इतिहासाची पुस्तकं दिवाळीनंतर आली, त्याचं कारण हे होतं. ज्या एका घराने मेचा पूर्ण पगार दिला, त्यांच्याकडे आई अकरा वर्षं टिकली. अबोली, तू रजेवर गेलीस, माहेरी गेलीस, तरी पगार चालू ठेव. हिशोबींनी बारा पगार धरलेत, ते बाराच राहू देत.

दुसरं, मावशींना पहिल्याच भेटीत विचार की तुम्ही माझ्याकडे असाल तेव्हा तुमची मुलं कुठे असतील. उत्तरावरून तुला कळेल की कुठल्या वेळेला त्यांचा जीव टांगणीला लागतो. आईचा जीव चारला टांगणीला लागायचा, कारण आमची शाळा सुटायची तेव्हा. चारला तिला फक्त एक फोन करायचा असायचा, तेव्हा तो पीसीओवरून. जी बाई हे मनमोकळं सांगू शकते ती खाडे कमी करते. सांगू शकत नाही ती ‘पोट दुखतंय’ म्हणते.

तिसरं, काम काय ते आधीच ठरव. बाळाचं आंघोळपाणी, खाणं, कपडे, झोप एवढंच की घरची भांडी पण? आईला बाळासाठी म्हणून ठेवायचे आणि दोन महिन्यांत केर-फरशी तिच्याकडे सरकायची. बाळ झोपलं की ती मोकळीच असते असं लोकांना वाटतं. पाच महिन्यांचं बाळ झोपलेलं असताना बाईने पण पाठ टेकली तरच ती संध्याकाळी सातला हसून बाळ तुझ्या हातात देईल.

सडेतोड

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बाईंबद्दल मी जे लिहिलं ते तसं लिहायला नको होतं. राग दुसऱ्या गोष्टीचा होता.

रातराणी

सडेतोड, तुमच्या मिसेसचा हिशेब मात्र मला जरा वेगळा वाटतो. बाईचा पगार फक्त तिच्या पगारातून का वजा करायचा? मूल दोघांचं आहे, तर दोघांच्या एकत्र मिळकतीतून वजा करा. आणि चार हजार उरत होते ते त्या वर्षी. तीन वर्षांनी मूल शाळेत गेलं असतं, तोवर त्यांची नोकरीतली वर्षं, वेतनवाढ, पीएफ सगळं चालू राहिलं असतं. माझ्या बाबतीत दीड वर्ष हातात काहीही उरलं नाही, तरी नोकरी टिकली हीच शिल्लक धरली. शाळांमध्ये पुन्हा प्रयत्न करायला त्यांना नक्की सांगा.

आज्जी७१

अबोली बाळ, तुझा धागा नातीने वाचून दाखवला, मी सांगतेय तसं तीच लिहून घेतेय. १९८० साली पुण्यात कामवाल्या बायकांनी संप केला होता, मला चांगला आठवतो. मी तेव्हा नव्याने नोकरीला लागले होते, घरात दीड वर्षांची मुलगी. आमच्या बाई चार दिवस आल्या नाहीत. शेजारणी रागावल्या होत्या, मीही आधी रागावले. मग त्या भेटायला आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला पगारी रजा आहे, मला आजारपणाचीही नाही. मला उत्तर देता आलं नाही. त्या संपातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आज दिवाळीचा बोनस आणि महिन्याच्या सुट्ट्या तुम्ही सगळे रीत म्हणून धरता ना, त्या रीतीमागे त्या बायका आहेत. पुढे २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तुझ्या मावशींची मंडळात नोंदणी नसेल तर करून दे, १८ ते ६० वयाला होते. कागद त्यांचे, खेपा तू घाल.

आणि कालनिर्णयावर लिही. आमच्याकडे दूध, पेपर आणि बाईंचे खाडे सगळं कालनिर्णयाच्या चौकटीत असायचं. बाईंना वाचता येत नव्हतं, पण फुली कुठे आहे ते दिसायचं. महिनाअखेरीला दोघींनी भिंतीपाशी उभं राहून मोजायचं. चाळीस वर्षांत एकदाही वाद झाला नाही.

कोरडवाहू

आमचा थोडा वेगळा मार्ग सांगतो, कोणाला उपयोग झाला तर. मगरपट्ट्यात आमच्याच मजल्यावर एक कुटुंब आहे, दोघांची बाळं तीन महिन्यांच्या अंतराने झाली. आम्ही एकच मावशी दोन्ही बाळांसाठी ठेवल्या. एका बाळाचे त्या १५,००० घेत होत्या, दोघांचे २२,००० ठरले, म्हणजे प्रत्येकी ११,०००. त्यांना एका घरात सात हजार जास्त, आम्हाला चार हजार कमी.

जमलं, पण आधी फार बोलावं लागलं. एक आठवडा आमच्या घरी, एक त्यांच्या. ज्याच्या घरी आठवडा, जेवण त्याचं. एक बाळ आजारी पडलं तर ते आपल्या घरी, आई किंवा बाबा रजेवर, आणि तरीही त्याचे पूर्ण पैसे द्यायचे. सगळ्यात अवघड हे की एक कुटुंब घर बदलून गेलं तर दुसऱ्यावर अचानक पूर्ण पगार येतो. म्हणून दोन महिने आधी सांगायचं असं ठरवलं आणि दोघांनी पगाराएवढी रक्कम वेगळी ठेवली. दोनपेक्षा जास्त बाळं एका मावशींकडे देऊ नका, कोणी तिसरं विचारलं तरी नाही. जेवणाच्या वेळी दोघं एकदम रडायला लागले की दोनच हात असतात, हे मी घरी असताना डोळ्यांनी बघितलंय.

पिंपळपान

ब्युरोबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून विचारते, बदली बाई देतो म्हणतात ते खरंच देतात का?

मुळाकाठ

आमचा एका ब्युरोचा अनुभव: करारात दोनदा बदली लिहिलं होतं. पहिली बाई सव्वीस दिवसांत गेली, बदली अकराव्या दिवशी आली. ते अकरा दिवस आपलेच. त्यामुळे फी भरण्याआधी विचार की किती दिवसांत बदली, आणि तेवढ्या दिवसांत नाही आली तर फीतले किती परत, आणि हे करारात लिहून घे. शिवाय आपण देतो त्या वीस हजारांतले बाईच्या हातात किती जातात तेही विचार. शक्यतो पगार थेट तिच्या खात्यात जाईल असं बघ, ब्युरोला फक्त फी. आणि खातं तिच्या स्वतःच्या नावाचं आहे ना, एवढं बघून घे.

आधार कार्डाची प्रत, फोटो, गावाकडचा पत्ता घेणं आणि पोलिसांकडे माहिती नोंदवणं हे ब्युरो असो वा ओळखीची बाई, करायचंच. मावशींनाही सांगून करायचं, चोरून नाही. कॅमेरा लावणार असाल तर तोही सांगून. आणि अठराच्या आतली मुलगी ‘बाळाशी खेळायला’ म्हणून कोणी देऊ केली तर नाही म्हणा. चौदाच्या आतल्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासूनच बंदी आहे, पण पंधरा-सोळाची मुलगीसुद्धा शाळेत असायला हवी.

हिशोबी

मावशींचं वय चाळीसच्या आत असेल तर श्रमयोगी मानधन योजनाही बघ अबोली. १८ ते ४० वयात नाव घालता येतं, महिन्याचं उत्पन्न १५,००० पर्यंत असावं लागतं, साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. २९ व्या वर्षी सुरू केली तर हप्ता १०० रुपये, सरकार तेवढेच घालतं. तुझ्या आकड्यांत उत्पन्नाची मर्यादा ओलांडली जाते, पण अर्धा दिवस ठेवणारे असतील त्यांनी पाहावं.

उचलीबद्दल पण आधी बोल. मागितली तर दे, पण एका पगाराच्या वर नको, आणि परतफेड महिन्याला हजाराच्या वर कापू नको. एकदम कापलं की त्या महिन्यात घर चालत नाही आणि पुन्हा उचल लागते.

अबोली_वारजे

धागा वर काढतेय. पाच आठवडे झाले, सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

शिवण्याच्या मावशीच ठरल्या. एचआरला मेल केली, आमच्या कंपनीचा करार बाणेरच्या एका पाळणाघराशी आहे. लेक दीड वर्षांची झाली की तिथे बघू असं ठरवलंय, तोवर घरी. सासूबाई शेजारी असल्यामुळे मला ऑफिसात बसून धास्ती वाटत नाही, आणि दुपारी त्या दोघी मिळून टीव्हीवर मालिका बघतात हे मला लेकीच्या झोपेच्या वेळेवरून कळतं.

तळजाई, तुम्ही सांगितलेला प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारला. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, थोरली नववीत आहे, गुरुवारी तिचा क्लास सहाला सुटतो आणि क्लासपासून घरापर्यंतचा रस्ता बरा नाही. बाकी चार दिवस ती मैत्रिणीबरोबर येते, गुरुवारी एकटी. त्यासाठी त्यांनी याआधी एक काम सोडलं होतं आणि तिथे कारण सांगितलं नव्हतं. मी पगार १७,००० ठरवला, महिन्यातून चारदा अर्ध्या तासाचा उशीर त्यातच धरून, त्यापुढचे वेगळे. रिक्षाचे वेगळे. माझ्या रजेचा आणि माहेरच्या दिवसांचा पगार चालू.

हिशोबी, तुमच्या सव्वापटीने २१,२५० येतात. १७,००० दर महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या खात्यात, आणि उरलेले ४,२५० मी वेगळ्या खात्यात टाकतेय. वर्षाचे ५१,००० होतील. त्यातून बोनस, रिक्षा, विमा, पाळणाघराचे सुटे दिवस. जेवण घरच्या किराण्यातच जातं, ते वेगळं काढलेलं नाही. मावशी एकेचाळीस वर्षांच्या आहेत, दोन्ही विम्यांचे अर्ज त्यांच्या बँकेत जाऊन भरून आलो. बँकेतल्या बाईंनी वारस विचारला तेव्हा त्यांनी थोरलीचं नाव सांगितलं, आणि स्पेलिंग बरोबर पडतंय ना हे मला दोनदा बघायला लावलं.

काढून ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांवर मी आधी तारखा इंग्रजीत लिहीत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मावशी दर वेळी सासूबाईंना विचारून बाटली काढतात. आता लाल रबरबँड म्हणजे आजचं, हिरवं म्हणजे उद्याचं. तेव्हापासून विचारावं लागत नाही. ही कल्पना त्यांचीच, भाजीच्या जुड्यांचे रबर त्या साठवून ठेवतात.

कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दारामागे लावलंय, आज्जी. पाच आठवड्यांत एक फुली आहे, धाकट्याला ताप होता त्या दिवसाची. त्यांनी सकाळी सहालाच फोन केला होता, त्यामुळे मला घरून काम मागता आलं.

गुरुवारी मी बाणेरहून चारला निघते आणि पाचला घरी असते. मॅनेजरशी बोलून घेतलंय, राहिलेलं काम लेक झोपल्यावर रात्री करते. मावशी सव्वापाचला निघतात.

तळजाई

सहाला पोचतात ना क्लासपाशी?

अबोली_वारजे

पोचतात. मागच्या गुरुवारी पाऊस होता म्हणून थोरलीनेच फोन केला, आई आली म्हणून.